ज्वालामुखी बघायला धुळ्याहून कुठे जायचं?

धुळ्याच्या एका ताईंनी विचारलंय: "मुलगा आठवीत, मुलगी पाचवीत. पुस्तकात ज्वालामुखीचं चित्र पाहिल्यापासून दोघांनी डोकं खाल्लंय. सकाळी निघून रात्री घरी येता येईल असा एखादा ज्वालामुखी आपल्याकडे आहे का? कोणी म्हणतं तोरणमाळचा तलाव म्हणजे विवर, कोणी ऊनपदेवचं गरम पाणी सांगतं, कोणी लोणार. नक्की कुठे जावं?"

ताई, माझं आयुष्य विहिरींच्या जागा दाखवण्यात गेलं. धुळे-नंदुरबारच्या खडकांत तीस-पस्तीस वर्षं पाण्यासाठी हिंडलो, म्हणजे रोज ज्वालामुखीवरच चालत होतो. तेव्हा उत्तर 'आहे' असंच आहे. फक्त मुलांच्या पुस्तकातला धूर सोडणारा त्रिकोणी डोंगर डोक्यातून काढून घरातून निघा, नाहीतर पोरं दिवसभर "कुठंय, कुठंय" करतील आणि तुम्ही वैतागाल.

धूर सोडणारा, जिवंत ज्वालामुखी आपल्या देशात एकच, अंदमानातलं बॅरन बेट. पोर्ट ब्लेअरपासून (आता श्री विजयपुरम) समुद्रातून साधारण १४० किलोमीटर. १७८७ मध्ये त्याचा उद्रेक नोंदला गेला, मग दीर्घकाळ शांत होता, १९९१ मध्ये पुन्हा जागा झाला आणि अधूनमधून धुमसतच असतो. तिथेही बेटावर उतरू देत नाहीत, बोटीतूनच बघायचं. धुळ्याहून एका दिवसात तो विषय संपला.

आता तुम्ही ऐकलेली तीन नावं.

लोणार ज्वालामुखी नाही. अशनी आदळून झालेला खड्डा आहे तो, जवळजवळ १.८ किलोमीटर रुंद. पूर्वी काही जाणकारही त्याला ज्वालामुखीचं तोंड समजायचे, म्हणून तो समज अजून फिरतो. आघाताच्या प्रचंड दाबानेच तयार होणारे काचेसारखे कण तिथल्या खडकात सापडले आणि वाद मिटला. बघण्यासारखं आहेच, पण वेगळ्या कारणासाठी आणि वेगळ्या दिवशी.

ऊनपदेव नावाची दोन ठिकाणं आहेत, एक चोपडा तालुक्यात अडावदजवळ, दुसरं शहाद्याकडे. अडावदच्या ऊनपदेवला शरभंग ऋषींचा आश्रम होता आणि रामाने बाण मारून हे पाणी काढलं, असं सांगतात. गोमुखातून पडणारं पाणी हाताला सोसत नाही इतकं कढत असतं. पोरांना मजा येईल. पण ते पाणी तापतं ते लाव्ह्याने नव्हे. सातपुड्याच्या पायथ्याने जमिनीला मोठमोठे उभे तडे गेलेले आहेत. पावसाचं पाणी त्यातून खोल उतरतं, खालच्या नैसर्गिक उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या वाटेने वर येतं. जमिनीत जसजसं खोल जावं तसतसं ऊन वाढतं, त्याला ज्वालामुखी लागत नाही. "खाली अजून आग आहे" असं तिथे कोणी सांगितलं तर मान डोलवा आणि पुढे चला.

तोरणमाळच्या यशवंत तलावाला विवर म्हणणारे मला दर वर्षी दोन-चार तरी भेटतात. तलाव गोलसर, भोवती उंचवटे, त्यामुळे वाटतं खरं. पण विवर असतं तर भोवतीचे थर तलावापासून बाहेरच्या बाजूला उतरते दिसले असते, राख आणि उडालेल्या दगडगोट्यांचा ढिगारा सापडला असता. तिथे तसं काही नाही. एकावर एक बसलेले काळ्या पाषाणाचे थर आहेत आणि पठारावरच्या सखल जागेत पाणी साठलंय. गंमत म्हणजे तोरणमाळला चढताना जो सातपायरी घाट लागतो, त्याच्या नावातच खरी गोष्ट दडलेली आहे. आपल्या या खडकाला जगभर 'डेक्कन ट्रॅप' म्हणतात, आणि 'ट्रॅप' हा मूळ स्वीडिश शब्द पायरीसाठीचा. थरावर थर, कडेने झिजून पायऱ्या झालेल्या. आपल्या लोकांनीही नाव ठेवताना पायरीच म्हटलं.

मग आपला ज्वालामुखी कुठे आहे? सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे डोंगर फुटला नाही, जमीन उसवली. लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून हजार-अकराशे अंश तापलेला पातळ रस उतू गेला. दूध उतू जाताना पातेल्याभोवती पसरतं, डोंगर करून बसत नाही, तसाच हा रस पसरला. एक लोट थिजला, काही काळ गेला, दुसरा त्यावर आला. असे कित्येक. आज उरलेला पसाराच पाच लाख चौरस किलोमीटरच्या आसपास आहे आणि सह्याद्रीकडे त्याची जाडी दोन किलोमीटरच्या वर जाते. यातला बहुतेक रस दहा लाख वर्षांच्या आत बाहेर पडला असं मोजमाप सांगतं. कापसाची आपली काळी माती याच खडकाची झीज.

आणि या सगळ्यात खानदेशचा मान असा, की त्या भेगा आपल्याकडे उघड्या पडलेल्या आहेत. वरचे थर कोट्यवधी वर्षांत झिजून गेले. जुन्या विहिरीचा कठडा पडून आतलं बांधकाम दिसावं, तशी ज्वालामुखीची नळी दिसते. भेगेत अडकून थिजलेला रस आजूबाजूच्या खडकापेक्षा टणक असेल तर तो मागे उरतो, बाजूचा झिजतो, आणि शेतातून सरळ रेषेत एक काळी भिंत वर येते. इंग्रजीत तिला 'डाइक' म्हणतात, मराठी पुस्तकांत 'भित्ती'. धुळे, साक्री, निजामपूर, दोंडाईचा, नंदुरबार या टापूत अशा दोनशेहून अधिक भिंती अभ्यासकांनी नकाशावर मांडल्या आहेत. काहींची जाडी तीन-चार मीटर, काहींची पन्नासच्या पुढे. सगळ्यात लांब आहे ती सत्तर किलोमीटरच्या वर जाते. बहुतेक सगळ्या साधारण पूर्व-पश्चिम. जमीन उत्तर-दक्षिण ताणली गेली, म्हणून भेगा आडव्या पडल्या.

एक सांगून ठेवतो, प्रत्येक भिंत म्हणजे ज्वालामुखीचं तोंड असं समजू नका. काहींतला रस वरपर्यंत पोहोचून सांडला, बऱ्याच भेगांतला वाटेतच थिजला. नुसतं बघून ते कळत नाही, खडकाचं रासायनिक पृथक्करण करून वरच्या थरांशी ताडून बघावं लागतं.

तेव्हा दिवस असा आखा. आदल्या रात्री मोबाइलवर सॅटेलाइट नकाशा उघडून साक्रीच्या भोवताली बोट फिरवा. नाले, रस्ते, बांध सगळे वळणं घेत जातात. त्यांना न जुमानता पट्टीने ओढल्यासारखी काळपट रेघ दिसली की ती आपली. पोरांनाच शोधायला लावा. माझी नात सात वर्षांची असताना तिने मी कधी न पाहिलेली एक रेघ दाखवली होती.

सकाळी सहाला निघा. पहिला थांबा लळिंग, धुळ्याच्या दक्षिणेला दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा रस्त्यालाच. फारुकींचा किल्ला. मुलांच्या पायांनी चढायला तासभर धरा. किल्ल्याचा इतिहास तुम्ही सांगालच, लांडोर बंगला आणि १९३७ मध्ये बाबासाहेब तिथे राहिले होते हेही सांगा. पण चढताना बघायचं ते वेगळं. एक टप्पा उभा, टणक, त्यावर चालायला सोपी सपाटी, मग पुन्हा उभा टप्पा. उभा भाग म्हणजे लोटाचा मधला घट्ट दगड. सपाटी म्हणजे लोटाचा वरचा, बुडबुड्यांनी पोखरलेला भाग, तो लवकर झिजतो. विहीर खणणारे आमचे वडार मित्र पहिल्याला काळा पाषाण म्हणतात आणि दुसऱ्याला मांजऱ्या. हातातल्या दगडाने हलकेच ठोकून बघा. पाषाण टण्ण वाजतो, मांजऱ्या ढब्ब. पाचवीतल्या मुलीला एवढं कळलं की बाकीचं तिचं ती शोधेल. मांजऱ्यात पांढरे, कधी हिरवट दाणे दिसतील, ते बुडबुड्यांच्या रिकाम्या घरात नंतर पाण्याने भरलेले खनिजांचे मणी. गावाकडे सगळ्यांनाच सरसकट गारगोटी म्हणतात, पण बरेचसे झिओलाइट नावाच्या खनिजांचे असतात.

कुठेही रस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी लाल पट्टा दिसला, तर तो चुकवू नका. त्याला आम्ही गेरू म्हणतो. एक लोट थिजल्यावर पुढचा येईपर्यंत जो काळ गेला, त्यात दगडाची माती झाली. मग वरून तापता रस आला आणि ती माती भाजून निघाली. म्हणजे ज्वालामुखीने घेतलेली सुट्टी. पण हा पट्टा बघायला घाटात गाडी उभी करू नका. कन्नडच्या घाटात तर अजिबात नाही, तिथल्या रहदारीत गेरू बघण्याचा नाद महागात पडेल.

नऊच्या सुमाराला धुळ्यातून नाश्ता करून सुरत रस्त्याला लागा. कुसुंबा, नेर मागे पडलं की डोळे उघडे ठेवा. साधे डोंगर वरून सपाट, कडेने पायऱ्यांचे. भिंतीचा डोंगर वेगळा कळतो. अरुंद, लांब, म्हाताऱ्या बैलाच्या पाठीसारखा, कणा वर आलेला. साक्रीहून निजामपूर, दोंडाईचाकडे वळलात तर अशा पाठी दोन्ही हातांना लागतील. गाडी रस्त्याकडेला नीट लावा, शेतातून जायचं असेल तर शेतकऱ्याला विचारा. आजवर मला कोणी नाही म्हटलेलं नाही, उलट ताक मिळालंय.

भिंतीपाशी पोहोचल्यावर घाई करू नका, दिवसातला अर्धा वेळ इथेच द्या. पहिली गोष्ट, दगडांची रचना. लोट थिजताना आकसतो आणि त्याचे खांब पडतात, चार-पाच-सहा बाजूंचे. खांब नेहमी थंड होणाऱ्या पृष्ठभागाशी काटकोनात पडतात. जमिनीवर पसरलेला लोट वरून-खालून निवतो, म्हणून त्याचे खांब उभे. उभ्या भेगेतला रस दोन्ही बाजूंनी निवतो, म्हणून त्याचे खांब आडवे! एकावर एक सरपण रचावं तसे. कापलेल्या बाजूने बघितलं तर सारखे, कोनाकोनांचे दगड ओळीने बसवलेले दिसतात आणि कोणालाही वाटावं हे गवंड्याचं काम आहे. मला निजामपूरकडच्या एका म्हाताऱ्या बाबांनी ठामपणे सांगितलं होतं, "हाई भीत पांडवस्नी बांधेल शे, भाऊ." मी भेगेची सगळी हकीगत सांगितली. ते म्हणाले, मग भेग कोणी पाडली? तिथे मी गप्प बसलो.

दुसरी गोष्ट, काठ आणि मध. मुलाला भिंतीच्या एका काठाला उभं करा, मुलीला मधोमध. दोघांनीही आपापल्या ठिकाणचा ताजा तुटलेला दगड डोळ्यांजवळ धरावा. काठाचा दगड इतका बारीक की दाणाच दिसत नाही, काळा, जवळपास काचेसारखा. मधल्या दगडात उन्हात तिरका धरला तर पांढरट काड्या चमकतात. रस गार खडकाला टेकला तिथे तो झटक्यात थिजला, स्फटिकांना वाढायला सवड मिळाली नाही. मधला रस दोन्हीकडून पांघरूण घेऊन बसला होता. वीस मीटर जाडीची भिंत आतून थिजायला महिने नव्हे, वर्षं लागतात. मग मुलांनी या काठापासून त्या काठापर्यंत पावलं मोजावीत. ती जमीन किती फाकली होती, त्याचं माप पोरांच्या पावलांत मिळेल.

तिसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या विहिरी बघा. बऱ्याच ठिकाणी एका बाजूला मार्चपर्यंत पाणी असतं, दुसरीकडे जानेवारीतच तळ दिसतो. जमिनीतून उताराने जाणारं पाणी भिंतीला अडतं, बंधाऱ्याला अडावं तसं. हे मी पुस्तकात वाचलं होतं, पण शिकलो ते चुकून. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत साक्री तालुक्यातल्या एका शेतकऱ्याला मी भिंतीच्या बरोबर मधोमध बोअरची जागा दाखवली. खडकात तडे दिसत होते, वाटलं पाणी असणार. दोनशे फूट गेलो, वर नुसती धूळ. तडे वरवरचे होते, खाली अखंड दगड. त्या माणसाने एक शब्द बोलून दाखवला नाही, बायकोला चहा ठेवायला सांगितला. तो चहा माझ्या घशाखाली उतरेना. पुढच्या वर्षी भिंतीच्या चढाकडच्या अंगाला, काठाला लागून चाळीस-पन्नास फूट विहीर खणली आणि तिला पाणी लागलं. काठालगतचा बाजूचा खडक रसाच्या उष्णतेने भाजून तडकलेला असतो, पाणी तिथे मुरतं. तेव्हापासून मी कोणालाही भिंतीच्या मधोमध खणायला सांगितलेलं नाही. काही भिंती स्वतःच पुरत्या तडकलेल्या असतात आणि पाणी अडवण्याऐवजी वाहून नेतात, हेही पुढे कळलं. त्यामुळे प्रत्येक भिंत वेगळी बघायची.

एक वाईट दृश्यही दिसेल. या भिंतींचा दगड टणक, रस्त्याच्या खडीला उत्तम, त्यामुळे क्रशरवाल्यांची पहिली नजर यांच्यावर. मी पाहिलेल्या दोन-तीन भिंती आता खड्डे झाल्यात. पाणी अडवणारी भिंत फोडली की वरच्या अंगाच्या विहिरींचं काय होतं, हे खडी मोजताना कोणी धरत नाही. जुन्या, बंद पडलेल्या खाणीत भिंतीचा आडवा छेद फार सुंदर दिसतो, तेवढं लांबून बघा. चालू खाणीत पाऊल ठेवू नका. सुरुंग कधी उडेल सांगता येत नाही आणि कडे सुटलेले असतात.

दुपारी साक्रीला किंवा दोंडाईचाला जेवून घ्या. शेवभाजी सांगताना पोरांसाठी तिखट कमी सांगा, न सांगितलं तर तिथेच दुसरा ज्वालामुखी बघायला मिळेल.

कधी जावं? डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. पावसाळ्यात हिरवाईत सगळं झाकलं जातं, दिवाळीपर्यंत गवत कमरेएवढं आणि त्यात फुरसं. एप्रिल-मे तर नावच घेऊ नका, काळा दगड दहा वाजताच तव्यासारखा तापतो. माणशी तीन लिटर पाणी, टोपी, बंद बूट.

जळगावकडच्या मंडळींनी मात्र साक्रीपर्यंत धावायची गरज नाही. यावल, रावेरची केळी ज्या मातीत उभी आहे ती तापीने आणलेल्या गाळाची, आणि खडक त्याखाली खोल गाडला गेलाय. पण जळगावहून साठेक किलोमीटरवर अजिंठा आहे. वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखा कापलेला तो कडा म्हणजे लोटांचा उभा छेदच. लेण्यांत सगळे चित्रं बघतात, बघावीतच, पण एखाद्या अर्धवट राहिलेल्या लेण्यात जाऊन उघडी भिंत बघा. बुडबुड्यांची घरं, पांढरे मणी, सगळं लळिंगसारखंच. अशा खरबरीत दगडावर थेट रंग बसेना, म्हणून कारागिरांनी आधी माती, शेण आणि भाताच्या तुसाचा गिलावा दिला. शेवटाला सातकुंडाचा धबधबा पायऱ्यापायऱ्यांनी उतरतो, त्याही लोटांच्याच पायऱ्या. सोमवारी लेणी बंद असतात. आणि तिथे भिंतीला बोटही लावू द्यायचं नाही, दगड ठोकण्याचे उद्योग साक्रीकडेच.

हातोडी न्यावी का, असं मुलगा विचारेल. नको. चष्म्याशिवाय या दगडावर हातोडी मारली की कपच्या डोळ्यात जातात, आणि क्रशरने एवढे तुकडे पाडून ठेवलेत की नव्याने फोडायची गरज नाही. त्याऐवजी जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक न्या. परतताना पांझरेच्या किंवा वाटेतल्या कुठल्याही नाल्याच्या कोरड्या वाळूत ते फिरवायला सांगा. काळे बारीक कण दाढी वाढल्यासारखे चिकटतात. ते या खडकातलं लोहखनिज. रस थिजताना त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकाची दिशा या कणांत गोठून राहिली, आणि आपल्याकडच्या बहुतेक थरांत ती आजच्या उलट आहे, म्हणजे तेव्हा होकायंत्राची सुई दक्षिण दाखवत असणार. हे आठवीतल्या मुलाला वाळू हातात असतानाच सांगा. चुंबक मात्र प्लॅस्टिकच्या पिशवीत घालूनच वाळूत घाला. मी एकदा तसंच फिरवलं होतं, आठवडाभर ते कण नखांनी सोलत बसलो होतो.